लेकीच्या लघवीच्या पिशवीला आतड्याचा तुकडा, आणि तो प्रकाशाचा उपचार: कुणाला माहिती आहे का?

निशिगंधा_पाचपाखाडी | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझी लेक अकरा वर्षांची आहे. घरात तिला चिऊ म्हणतो. जन्मतः स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा गर्भातच नीट बंद झाला नव्हता. पाठीचं ऑपरेशन जन्मानंतर लगेचच झालं. ब्रेस घालून चालते, सहावीत आहे, चित्रं फार सुंदर काढते. लघवीच्या पिशवीचा त्रास मात्र पहिल्यापासूनचा. चार वर्षांची असल्यापासून दर चार तासांनी नळी घालून पिशवी रिकामी करतो. पिशवी सैल ठेवणारं ऑक्सिब्युटिनिन हे औषध चालू आहे. त्याने घाम येत नाही, त्यामुळे ठाण्याच्या मे महिन्यात तिचे काय हाल होतात ते आम्हालाच माहीत. पिशवीचा स्नायू सैल करायला दोनदा बोटॉक्सचं इंजेक्शनही झालं. पहिलं आठ महिने टिकलं, दुसरं जेमतेम तीन.

गेल्या महिन्यात परत युरोडायनॅमिक तपासणी (पिशवीत किती मावतं आणि दाब किती होतो ते मोजणारी) झाली. पिशवीत १४० मिली मावतं आणि तेवढ्यातच आतला दाब ५२ सेंटिमीटरवर (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात) जातो. डावं मूत्रपिंड सुजायला लागलंय. डॉक्टर म्हणाले, आता पिशवी मोठी करावी लागेल. लहान आतड्याचा तुकडा काढून पिशवीला जोडायचा.

घरी येऊन रात्र रात्र वाचलं. आतड्याचं अस्तर तसंच राहतं म्हणून पुढे चिकट स्राव, खडे, रक्तातल्या क्षारांची गडबड, असं बरंच काही होऊ शकतं. आणि मग एका ठिकाणी वाचलं की विशिष्ट औषध देऊन आतड्यावर प्रकाश टाकला तर फक्त ते अस्तर जळतं, खालचा स्नायू शाबूत राहतो, आणि असा तुकडा पिशवीला लावता येतो. वाचून अंगावर काटा आला. हेच तर हवंय!

प्रश्न दोन. हे मुंबई, ठाणे, नवी मुंबईत कुठे होतं का? आणि होत नसेल तर थोडं थांबावं का?

तिसरा प्रश्न चिऊचा. काल झोपताना म्हणाली, "आई, त्या आतड्याला कळेल का की ते आता पोटात नाहीये?" मला उत्तर सुचलं नाही. नुसती थोपटत बसले.

कोपरीचा_बंड्या | सोमवार, रात्री ११.३४

ताई, वैद्यकातलं मला काही कळत नाही, पण चिऊचा प्रश्न भारी आहे. एवढ्या लहान वयात नेमकं मर्मावर बोट ठेवलं पोरीने. इथले डॉक्टर लोक येतीलच, धागा वर ठेवतो.

ऐरोलीकर | मंगळवार, सकाळी ७.०५

निशिगंधाताई, माझ्या मुलीचं हेच ऑपरेशन नऊ वर्षांची असताना झालं. आज ती सतरा वर्षांची आहे, रोज ऐरोलीहून ठाण्याला कॉलेजला जाते. म्हणून आधी एवढंच सांगतो: ऑपरेशननंतरचं आयुष्य चांगलं असतं.

आमच्याकडेही तुमच्यासारखंच. दाब जास्त, पिशवी दगडासारखी कडक. डॉक्टरांनी त्याच वेळी अपेंडिक्सची नळी करून बेंबीत तोंड काढलं. मित्रोफानॉफ म्हणतात. त्यामुळे कपडे न काढता, बसल्या बसल्या बेंबीतून नळी घालून लघवी काढता येते. व्हीलचेअरवरच्या किंवा ब्रेसवाल्या मुलांसाठी ते वरदान आहे. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा.

त्रास झाला नाही असं म्हणणार नाही. पहिले तीन महिने नळीतून शेंबडासारखं काहीतरी येत राहायचं आणि नळी तुंबायची. रोज सलाईनने पिशवी धुवायचो. अजूनही एक दिवसाआड धुतो. दोन वर्षांनी एक खडा झाला, दुर्बिणीने काढला. तेव्हापासून धुण्यात टाळाटाळ बंद!

प्रकाशाच्या उपचाराबद्दल कधी ऐकलं नव्हतं.

विक्रांत_घोडबंदर | मंगळवार, सकाळी ९.५०

माझं मत वेगळं आहे. विज्ञान इतकं झपाट्याने पुढे जातंय, घाईने पोटातलं आतडं कापायचं कशाला? प्रयोगशाळेत पेशी वाढवून अख्खी पिशवी तयार केल्याचं मी वाचलंय. दोन-तीन वर्षं औषधांवर काढली तर कदाचित आतड्याची गरजच पडणार नाही. शिवाय आमच्या भागात लाल दिव्याच्या लेसरने नसांवर उपचार करणारं एक केंद्र निघालंय, माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याला तिथे आराम पडला. विचारून बघायला काय हरकत आहे?

औदुंबर | मंगळवार, दुपारी २.२०

मी निवृत्त मूत्ररोग शल्यचिकित्सक, वाशीत राहतो. निशिगंधाताई, चिऊला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सल्ल्यापेक्षा माहिती म्हणून वाचा. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो तातडीचा आहे. थांबू नका. पिशवीतला दाब सतत ४० सेंटिमीटरच्या वर राहिला की मूत्रपिंडांना इजा होते, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. चिऊचा ५२ आहे आणि एक मूत्रपिंड सुजतंय. अकरा वर्षांच्या मुलीच्या पिशवीत साधारण ३६० मिली मावायला हवं (वय अधिक एक, गुणिले तीस, असा आमचा ठोकताळा). तिच्या पिशवीत १४० मावतं. औषधं झाली, बोटॉक्स झालं. दोन-तीन वर्षांनी पिशवीवर नवा उपचार कदाचित मिळेलही, पण गेलेलं मूत्रपिंड परत मिळत नाही.

विक्रांतराव, तुम्ही वाचलं ते खोटं नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या अँथनी अटाला यांच्या गटाने सात स्पायना बायफिडाच्या मुलांमध्ये त्यांच्याच पेशींपासून वाढवलेली पिशवी बसवल्याचं प्रसिद्ध केलं. जगभर मथळे झाले. आम्हालाही वाटलं, आता आतड्याचे दिवस संपले. पण २०१४ मध्ये त्याच पद्धतीचा दहा मुलांवरचा अभ्यास आला, त्यात पिशवीची क्षमता वाढली नाही, दाब कमी झाला नाही, उलट काहींना गंभीर त्रास झाले. त्या बातमीच्या भरवशावर थांबलेले पालक मी स्वतः पाहिलेत. त्यातल्या एका मुलाचं पुढे डायलिसिस सुरू झालं. ते मला अजून खुपतं.

आणि गुडघ्याच्या लाल दिव्याचा या विषयाशी काही संबंध नाही. कृपया मुलीला तिथे नेऊ नका.

आता आतड्याबद्दल. आम्ही लहान आतड्याचा २० ते ४० सेंटिमीटरचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट वेगळा करतो. मोठ्या आतड्याजवळचा शेवटचा भाग सोडून देतो, कारण बी-१२ जीवनसत्त्व तिथेच शोषलं जातं. मग तुकडा उभा चिरून सपाट करायचा, दुमडून शिवायचा आणि पिशवीवर ठिगळ म्हणून लावायचा. घरी शिवणकाम करणाऱ्यांना पटकन कळेल: बाही तशीच जोडली तर ती बाहीच राहते, शिवण उसवून कापड पसरलं तर त्याचं काहीही करता येतं. आतडं नळीसारखंच ठेवलं तर ते आकुंचन पावून परत दाब वाढवतं, म्हणून ही चीरफाड.

कापड मात्र आतड्याचंच राहतं. आतड्याचं अस्तर अन्नातलं पाणी आणि क्षार शोषायला बनलेलं आहे, लघवी साठवायला नाही. लघवी समोर आली तरी ते शोषतच राहतं. अमोनियम आणि क्लोराईड रक्तात परत जातात, रक्तातलं आम्ल वाढतं, आणि ते वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलं तर वाढत्या वयातल्या हाडांवर परिणाम होतो. चिकट स्राव तर रोजचाच. तोच साचून खड्यांचा गाभा बनतो.

तेव्हा चिऊला सांगा, तिच्या आतड्याला कळणार नाही. तो प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने तोंडी परीक्षेत विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती.

प्रकाशाबद्दल मला जुजबी माहिती आहे. इथे मृण्मयी_खारघर म्हणून एक आयडी आहे, त्यांनी लिहावं.

कोपरीचा_बंड्या | मंगळवार, दुपारी २.४१

म्हणजे जागा दिली राहायला आणि भाडेकरूने तिथे जुनाच धंदा चालू ठेवला! डॉक्टर, बरोबर समजलो ना?

औदुंबर | मंगळवार, दुपारी ३.०२

अगदी बरोबर. आता त्या धंद्याचं सामान बाहेर कसं काढायचं, इमारतीला धक्का न लावता, हाच सगळा प्रश्न आहे.

वनिता_सिस्टर | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

मी कळव्याला राहते, चोवीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. डॉक्टरसाहेबांच्या बोलण्यात एक भर घालते, कुणी विसरू नये म्हणून. स्पायना बायफिडाच्या मुलांना रबराची ॲलर्जी असण्याची शक्यता खूप असते. हातमोजे, नळ्या, सगळं लेटेक्स नसलेलं हवं. फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या आणि भरती होताना तोंडानेही सांगा. वाढदिवसाचे फुगेसुद्धा लांब ठेवा.

अवांतर: प्रकाशाचा उपचार म्हटलं की मला आधी काविळीच्या बाळांचा निळा दिवा आठवतो. तोही सापडला एका सिस्टरमुळेच. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रोचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात फिरवायच्या. त्यांच्या लक्षात आलं की अंगाला ऊन लागलं तिथला पिवळेपणा गेलाय आणि कपड्याखाली तसाच आहे. त्यांनी ते बाळ उचलून डॉक्टरांना दाखवलं. आज प्रत्येक प्रसूतिगृहात तो दिवा आहे. नव्या मुलींना शिकवताना मी ही गोष्ट आवर्जून सांगायचे.

सुलू_मावशी | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

आमच्या आजीच्या हातावर कोड होतं. वैद्य बावचीच्या बियांचा लेप लावून तिला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवायचे. लेप लावून सावलीत बसली तर उपयोग नाही, आणि नुसतं ऊन घेतलं तरी नाही. दोन्ही हवं. एकदा जास्त वेळ बसली तर फोड आले होते. हे तसंच काही असतं का गं मृण्मयी?

मृण्मयी_खारघर | मंगळवार, रात्री १०.४८

सुलूमावशी, तुम्ही तर माझं अर्धं काम केलंत! बावचीत सोरॅलेन असतं. ते आणि अतिनील किरण मिळून त्वचेवर काम करतात, आणि आजही त्वचारोगतज्ज्ञ त्याच तत्त्वावर उपचार करतात. औषध एकटं निष्क्रिय, प्रकाश एकटा निरुपद्रवी, दोन्ही भेटले की क्रिया. पिशवीच्या प्रकरणातली रसायनं वेगळी आहेत, पण गाभा हाच.

माझं पीएचडीचं काम पॉर्फिरिनवर, म्हणजे प्रकाश शोषणाऱ्या एका रंगद्रव्यांच्या गटावर होतं, त्यामुळे या विषयावर जीव आहे. सविस्तर लिहिते.

म्युनिकमध्ये १९०० साली ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याने पाहिलं की ॲक्रिडिन रंगाच्या द्रावणातले सूक्ष्मजीव उजेडात पटकन मरतात आणि अंधारात तग धरतात. प्रकाशगतिक उपचाराची सुरुवात ती. नंतर कळलं की तिसरी गोष्टही लागते, प्राणवायू. प्रकाश औषधाला चेतवतो, औषध ती ऊर्जा प्राणवायूला देतं, आणि चेतलेला प्राणवायू जवळ जे असेल ते जाळतो. तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही लांब जात नाही. म्हणून ज्या पेशीत औषध आहे तीच मरते, शेजारची वाचते. मूत्राशयाशी तर या उपचाराचं जुनं नातं आहे. जगात कुठल्याही देशाने त्याला पहिली मान्यता दिली ती १९९३ मध्ये कॅनडाने, मूत्राशयाच्या कर्करोगासाठीच.

आता आतडं. एएलए नावाचं एक साधं आम्ल आहे, आपल्या शरीरातही बनतं. रक्तातलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) तयार होताना ती सुरुवातीची पायरी. ते बाहेरून जास्त दिलं की पेशींमध्ये प्रोटोपॉर्फिरिन नऊ साचतं, आणि हेच प्रकाशाला प्रतिसाद देणारं द्रव्य. १९९० च्या दशकात प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की ते अस्तराच्या पेशींत भरपूर साचतं आणि खालच्या स्नायूत फारच कमी. त्यावर सुमारे ६३५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकला की अस्तर मरतं, स्नायू राहतो. त्याच दशकात उंदरांवर हे पिशवी मोठी करण्याच्या उद्देशानेच करून पाहिलं गेलं. निशिगंधाताईंनी वाचलं ते बहुधा याच वाटेवरचं.

हे इतकं आकर्षक का वाटतं ते सांगते. अस्तर हाताने खरवडून काढायचे प्रयत्नही झालेत. पण नारळ खवल्यासारखं आहे ते. हलक्या हाताने खवलं तर खोबरं राहून जातं, जोर लावला तर करवंटी लागते. आतड्याच्या अस्तरात खोल खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी मूळपेशी. सगळं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं ते या मूळपेशींमुळे. तळ शिल्लक राहिला तर अस्तर परत उगवतं. आणि जोर लावला तर खालच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या फाटतात, तिथे व्रण धरतो, तुकडा आक्रसतो. मोठी करायला लावलेली पिशवी परत लहान! प्रकाश खळग्याच्या तळापर्यंत पोचतो आणि स्नायूला हात लावत नाही, ही त्यातली आशा.

पण ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देते. हा उपचार माणसांमध्ये नेहमीच्या वापरात कुठेही नाही. मुंबईत नाही आणि परदेशातही नाही.

निशिगंधा_पाचपाखाडी | मंगळवार, रात्री ११.२०

मृण्मयी, इतकं नीट कुणीच समजावलं नव्हतं. मनापासून आभार. पण मग तीस वर्षांत ते पुढे का गेलं नाही? उंदरांत जमलं होतं ना?

मृण्मयी_खारघर | बुधवार, सकाळी ८.१०

मलाही हाच प्रश्न बरीच वर्षं छळतो. मला कळलेली कारणं लिहिते.

अस्तराला घड्या आणि केसाळ उंचवटे असतात. सगळीकडे सारखा प्रकाश पोचवणं उंदराच्या चार सेंटिमीटर आतड्यात एक गोष्ट, माणसाच्या तीस सेंटिमीटरमध्ये वेगळी. कमी पडला तिथे अस्तर उगवणार, जास्त झाला तिथे स्नायू भाजणार. दुसरं, प्राणवायू रक्तातून येतो. तुकडा वेगळा करताना रक्तपुरवठा क्षणभर चिमटला तरी क्रिया थांबते. तिसरं, अस्तर गेल्यावर उघडी जागा राहते. त्यावर मूत्राशयाचं स्वतःचं अस्तर वाढून यायला हवं, नाहीतर व्रण धरतोच.

आणि एक गोष्ट मी काल लिहिली नाही, लिहायला हवी होती. कर्करोगासाठी जेव्हा अख्ख्या मूत्राशयावर प्रकाश वापरला, तेव्हा काही रुग्णांची पिशवी कायमची आक्रसली. म्हणजे आपल्याला नेमकं जे नको तेच. औषध वेगळं होतं, मात्रा वेगळी होती, पण त्यामुळे हात आखडतोच.

विक्रांत_घोडबंदर | बुधवार, सकाळी ९.१५

औदुंबर सर, २०१४ चा अभ्यास मला माहीत नव्हता. माझा सल्ला मागे घेतो. निशिगंधाताई, माझं पहिलं वाक्य वाचून तुमचा गोंधळ झाला असेल तर माफ करा.

पण एक विचारतो. सगळेच "प्राण्यांवरचं आहे, सोडा" म्हणत राहिले तर ते कधीच पुढे जाणार नाही ना?

औदुंबर | बुधवार, सकाळी ११.००

खरं आहे, आणि कुणी सोडा म्हणत नाहीये. १९९० च्या दशकातच अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये मोठ्या आतड्याचं अस्तर काढून, स्नायूचा थर पिशवीच्या स्वतःच्या अस्तरावर बसवण्याची पद्धत मुलांमध्ये वापरली गेली. काहींना चांगला फायदा झाला, काहींना परत ऑपरेशन लागलं. म्हणजे कल्पना बरोबर आहे, साधन कमी पडतंय. तिथे प्रकाश उपयोगी पडेल असं मलाही वाटतं. नव्या मुलांनी त्यावर काम करावं. फक्त त्याची किंमत चिऊच्या मूत्रपिंडाने मोजायची नाही.

प्रकाश शस्त्रक्रियेत आलाय तो वेगळ्या दाराने. हिरवा रंग शिरेतून देऊन अवरक्त कॅमेऱ्याने पाहिलं की आतड्याच्या तुकड्याला रक्त नीट पोचतंय की नाही ते पडद्यावर दिसतं. मोठ्या रोबोटिक केंद्रांत हे आता रूढ होतंय. आमच्या काळी तुकड्याचा रंग आणि कडेचं रक्त बघून ठरवायचो.

आबा_नौपाडा | बुधवार, दुपारी १२.४०

मी एकाहत्तर. कर्करोगामुळे पिशवीच काढली, लहान आतड्याची नवी केली, त्याला सहा वर्षं झाली. मुलीची गोष्ट वेगळी आहे, तरी अनुभव लिहितो. रात्री गजर लावून दोनदा उठतो, कारण या पिशवीला भरल्याची जाणीव नाही. सकाळी तलावपाळीला तीन फेऱ्या मारतो. सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या सुरू आहेत, बी-१२ दरवर्षी तपासतो. सुरुवातीला स्राव पाहून बायको घाबरली होती, आता तीच सांगते, "आज पाणी कमी प्यायलात, घट्ट आलंय."

एक तक्रार आहे, ती मात्र मनापासून. लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही हे समजू शकतो, पण एका स्टेशनावरचं कुलूपबंद होतं आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. मी म्हातारा माणूस तिथे पाऊण तास उभा होतो. आपल्यासारख्यांच्या सोयीचा विचार कुणी करत नाही.

कोपरीचा_बंड्या | बुधवार, दुपारी १२.५८

आबा, पुढच्या वेळी कोपरीच्या बाजूला असाल तर सरळ आमच्या दुकानात या. मागे स्वच्छ जागा आहे, चहाही मिळेल.

वनिता_सिस्टर | बुधवार, दुपारी १.३०

बंड्या, गुणाचा आहेस.

शाळेचा विषय निघेलच म्हणून आधीच सांगते. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र द्या. नळी घालायला स्वच्छ जागा लागते, हात धुवायला साबण लागतो, वेळेवर वर्गाबाहेर जाऊ देणारी बाई लागते. १९७२ मध्ये अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ लॅपिडेस यांनी दाखवून दिलं की ही नळी निर्जंतुक नसली तरी चालते, स्वच्छ असली आणि वेळेवर घातली की पुरे. शाळेला एवढं पटवलं तर निम्मं काम होतं.

ऐरोलीकर | बुधवार, रात्री ९.२०

सिस्टर, आमच्या मुलीला पहिल्या शाळेत हे मिळालं नाही. "इतर मुलं काय म्हणतील" असं उत्तर आलं. ती पाणी प्यायचंच बंद करायची, म्हणजे शाळेत नळी घालायला जावं लागणार नाही. तो खडा त्यातूनच झाला असं मला आजही वाटतं. दुसऱ्या शाळेत एका शिपाई मावशींनी स्वतःहून खोली स्वच्छ ठेवायला सुरुवात केली, आणि सगळं बदललं. त्या मावशींना आम्ही दर दिवाळीला भेटायला जातो.

निशिगंधाताई, आणखी एक महत्त्वाचं. जोडलेली पिशवी फुटू शकते. क्वचित, पण होतं, बहुतेकदा नळी चुकवून पिशवी फार भरली की. या मुलांना पोटातलं दुखणं नीट जाणवत नाही. उलटी, ताप, पोट फुगणं, खांदा दुखणं, असं काहीही झालं तर थांबू नका आणि जो डॉक्टर समोर येईल त्याला आधी सांगा की पिशवीला आतडं जोडलेलं आहे. आम्ही मुलीच्या पाकिटात तशी चिठ्ठीच ठेवलीय.

औदुंबर | बुधवार, रात्री ९.४५

ऐरोलीकरांचा हा प्रतिसाद प्रत्येक पालकाने छापून फ्रीजवर लावावा. शिवाय वर्षातून एकदा सोनोग्राफी, रक्तातले क्षार, बी-१२. बी-१२ ची कमतरता काही वर्षांनीही दिसू लागते, तेव्हा पहिली दोन वर्षं ठीक गेली म्हणून तपासणी सोडायची नाही.

निशिगंधा_पाचपाखाडी | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ५.१०

सगळ्यांना नमस्कार. तारीख ठरली, दिवाळीच्या सुट्टीत. म्हणजे शाळा कमी बुडेल.

डॉक्टरांना यादी करून विचारलं. मित्रोफानॉफ करणार आहेत, बेंबीतच. लेटेक्सचं पहिल्या पानावर लिहिलंय, लाल शाईने. प्रकाशाचंही विचारलं. मला वाटलं हसतील, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि वीस मिनिटं बोलत बसले. मृण्मयीने लिहिलं जवळजवळ तेच. म्हणाले, "माझ्या हयातीत ते यावं अशी फार इच्छा आहे. पण तुमच्या लेकीला माझ्याकडचं आजचं सगळ्यात चांगलं देतो." त्या वाक्यावर मी निर्धास्त झाले.

चिऊला सांगितलं की आतड्याला कळणार नाही, ते आपलं जुनंच काम करत राहील, म्हणून आपण त्याला रोज पाण्याने धुवायचं. थोडा विचार करून म्हणाली, "मग त्याला कुणीतरी हळूहळू शिकवायला पाहिजे." आता आतड्याचं चित्र काढतेय. त्याला डोळे आहेत.

पण तिला भीती वाटते हो. बोलत नाही, पण रात्री माझा हात सोडत नाही.

ऐरोलीकर | रविवार, रात्री ८.०५

माझी मुलगी बाजूला बसलीय, तिला चिऊशी बोलायचंय. हे तिचंच टायपिंग:

चिऊ, मी श्रावणी. माझंही हे झालंय. पहिले चार-पाच दिवस कंटाळा येतो कारण पाणीसुद्धा देत नाहीत, नुसतं सलाईन. पोटावर बऱ्याच नळ्या असतात पण त्या एकेक करून काढतात, काढताना एक ते दहा मोजायचं, मी सातवर असतानाच निघायची. बेंबीतली नळी साधारण महिनाभर आतच ठेवतात, मग तुला घालायला शिकवतील. सिस्टरला सांग आरसा दे, आधी आरशात बघून जमतं. धुवायच्या पाण्याची बाटली तुझी स्वतःची घे, घरच्यांची नाही, आणि तिच्यावर स्टिकर लाव म्हणजे कुणी इकडे तिकडे ठेवणार नाही. मी आता ट्रेनमधून जाते, कॉलेजच्या ट्रिपला माथेरानला पण गेले होते. मैत्रिणींपैकी दोघींनाच माहितीये. तुला वाटेल तेव्हाच सांग, नाही वाटलं तर नको सांगू. तुझं डोळेवालं आतडं मला बघायचंय.

निशिगंधा_पाचपाखाडी | रविवार, रात्री ८.३२

श्रावणी, बाळा, दोनदा वाचून दाखवलं. ती विचारतेय, बाटलीवर कुठलं स्टिकर लावलं होतंस?

ऐरोलीकर | रविवार, रात्री ८.३४

मांजराचं. माझ्याकडे अजून आहेत, बाबा उद्या ठाण्याला येताना देतील.